औंधच्या राजाची गुंतवणूक

आपल्या बायकांच्या भिशीत हल्ली एक नवाच विषय निघू लागलाय. पूर्वी सोनं, फार तर पोस्टाची योजना किंवा गावाकडे एखादा गुंठा, एवढ्यावर गप्पा संपायच्या. आता कुणाचा मुलगा म्युच्युअल फंडाचं सांगतो, तर कुणाची सून म्हणे चित्रांमध्ये पैसे गुंतवायचं म्हणते! त्याला कारणही तसंच आहे. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ हे चित्र मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राला ६७ कोटी मिळाले. गायतोंडे आपले मराठी, गिरगावात वाढलेले, आयुष्यभर साधेपणाने राहिलेले. आकडे वाचून आमच्या बदलापूरच्या भिशीतल्या बायकांनी कपाळाला हात लावला.

आमच्यातली एक सिंधी मैत्रीण मात्र हसली. ती उल्हासनगरची. तिच्या सासूबाई फाळणीत अंगावरच्या कपड्यांनिशी कल्याण कॅम्पात आल्या. लष्कराच्या त्या रिकाम्या बराकींचं १९४९ साली उल्हासनगर झालं, हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाईंचा हिशेब अगदी सरळ होता. जे अंगावर घालून पळता येतं तेच खरं धन. बांगडी हातात येते, भिंतीवरची तसबीर येत नाही. आता यावर काय बोलणार? ज्यांनी घरदार सोडलंय त्यांना आपण गुंतवणूक शिकवू नये, हेच खरं.

पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक माणूस घोळत राहिला. ज्या सुमारास ही कुटुंबं सगळं मागे टाकून आपल्याकडे येत होती, त्याच सुमारास, म्हणजे १९४८ साली, सातारा जिल्ह्यात एका म्हाताऱ्या राजाचं राज्य विलीन झालं. त्याने हयातभर चित्रं जमवली होती. राज्य गेलं, चित्रं मात्र जागेवरच राहिली. हा राजा म्हणजे औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत.

त्यांचा जन्म १८६८चा. आम्हा अंबरनाथ-बदलापूरकरांना हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या भिंतींवरची शिल्पं किती मोलाची आहेत हे आपल्याला इंग्रजांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं, असं म्हटलं तर राग मानू नका. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मंडळी इथे आली आणि त्यांनी मंदिराची रेखाटनं केली, शिल्पांचे साचे घेतले. दगड झिजेल, पडेल, पण त्याची नक्कल तरी राहावी म्हणून! आणि नेमक्या त्याच वर्षी जन्मलेल्या या राजाने पुढे आयुष्यभर हाच उद्योग केला. जे नष्ट होईल ते उतरवून घ्यायचं आणि चार लोकांना दिसेल अशा ठिकाणी मांडायचं.

औंध संस्थान ते केवढं! जेमतेम ७२ गावं, तीही सलग नाहीत. काही खटाव भागात, काही आटपाडीकडे, काही कुंडलजवळ, तर काही थेट विजापूरच्या बाजूला. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधीपद निर्माण झालं, त्या घराण्याची ही जहागीर. मान मोठा, पण उत्पन्न बेताचं आणि पाऊस त्याहून बेताचा. बडोदा किंवा ग्वाल्हेरसारखी श्रीमंती इथे कधीच नव्हती. भवानराव पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, बी.ए. झाले. लहानपणापासून हातात कुंचला. गादी मिळाली ती १९०९ साली, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. आपल्यापैकी कितीतरी जणी या वयात आता काय नवीन करायचं असं म्हणून बसतात, म्हणून मुद्दाम वय सांगितलं.

गादीवर बसल्याला वर्ष व्हायच्या आत त्यांनी जी पहिली गुंतवणूक केली ती चित्रात नव्हती, माणसात होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून आपला कारखाना हलवावा लागणार होता. ते औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम करायला आलेले. राजाने त्यांना आपल्या संस्थानात हवी ती जागा घ्या असं सांगितलं. किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ पसंत केला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर तिथून महाराष्ट्रभर गेले. आणि आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९३० साली ‘स्त्री’ मासिक तिथूनच निघालं. आपल्या आज्या-पणज्यांना स्वतःचं म्हणून वाचायला मिळालेलं मासिक एका कारखान्याच्या गावातून, एका छोट्या संस्थानाच्या माळरानावरून यायचं! हे मासिक काढणारे शंकरराव किर्लोस्करही चित्रकलाच शिकलेले.

आता चित्रांकडे येऊ. भवानराव नुसते हौशी संग्राहक नव्हते, स्वतः चित्रं काढायचे. त्यांनी रामायणातले प्रसंग रंगवले आणि १९१६ साली ‘चित्ररामायण’ म्हणून ते छापून निघालं. कीर्तनंही करायचे, बरं का! राजा कमरेला शेला बांधून कीर्तनाला उभा राहतोय आणि समोर शेतकरी बसलेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून बघा. ते चित्रकार म्हणून फार थोर होते असं मी म्हणणार नाही. त्यांची चित्रं पाहिली की पौराणिक कॅलेंडरांची आठवण येते. पण स्वतः रंग कालवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं काम किती अवघड आहे ते कळतं. त्यामुळे त्यांनी जिवंत चित्रकारांना आपल्याकडे बोलावलं, काम दिलं, त्यांची चित्रं विकत घेतली. वेदांचे पंडित म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते श्रीपाद दामोदर सातवळेकर मुळात जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार. लाहोरला व्यक्तिचित्रं रंगवून त्यांचा उत्तम चरितार्थ चालायचा. इंग्रज सरकारची त्यांच्यावर नजर होती. १९१८ साली ते औंधला आले, राजाने त्यांना आसरा दिला आणि पुढची तीस वर्षं त्यांचा स्वाध्याय मंडळ तिथे चालला. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे नावाजलेले चित्रकार झाले.

अजिंठ्याची चित्रं दिवसेंदिवस फिकट होत चाललीत, हे त्या काळी जाणकारांना दिसत होतं. भवानराव स्वखर्चाने चित्रकारांना घेऊन तिथे गेले, प्रती करून घेतल्या आणि १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तकच छापलं. त्याआधी वेरुळवरही काढलं होतं. दुसरीकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची संशोधित आवृत्ती काढायची कल्पना त्यांनीच १९१८ साली मांडली आणि त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. त्या काळचे लाख रुपये आणि तेही एवढ्याशा संस्थानाचे! देशभरातल्या शेकडो हस्तलिखितांची तुलना करत पंडितांनी हे काम केलं आणि ते पूर्ण झालं १९६६ साली. भवानराव तोवर हयात नव्हते. मुदत संपण्याआधीच ठेवीदार गेला, पण व्याज अजून सगळे अभ्यासक खाताहेत.

इथे मला एक प्रश्न पडतो आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. माण-खटावचा दुष्काळ आपल्याला माहीत आहे. तिथल्या बायकांच्या डोक्यावरचे हंडे अजून पूर्ण उतरलेले नाहीत. अशा मुलखातल्या राजाने रयतेच्या साऱ्यातून संगमरवरी पुतळे आणि तैलचित्रं घ्यावीत का? समाजकार्यात पंचवीस वर्षं वस्त्यांमधून फिरल्यावर हा हिशेब सुटत नाही. विहीर की चित्र, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून विहीर म्हणेन. राजेलोकांच्या छंदांची आपल्याकडे कमी का आहे? कुणी कुत्र्यांची लग्नं लावली, कुणी विलायती मोटारींचा ताफा ठेवला.

पण भवानरावांच्या बाबतीत हा हिशेब थोडा वेगळा लागतो, आणि त्याला कारण १९३८ साल. त्या वर्षी ते सत्तरीचे झाले आणि एकाच वर्षात त्यांनी दोन गोष्टी केल्या. औंध गावाबाहेर यमाईची टेकडी आहे. तिच्या अर्ध्या वाटेवर त्यांनी चित्रसंग्रहालयाची इमारत उभी केली. राजवाड्यात नाही, पुण्या-मुंबईत नाही, तर देवीच्या वाटेवर! नवस फेडायला येणारा शेतकरी, लेकराला कडेवर घेऊन येणारी माउली, सगळे त्या वाटेने जाणार. ज्यांनी जन्मात शहर पाहिलं नाही त्यांना राजा रविवर्म्याचं अस्सल चित्र बघायला मिळावं, ही योजना. म्हणजे राजाने चित्रं कडीकुलपात ठेवली नाहीत.

आणि दुसरी गोष्ट याहून मोठी. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेहून शिकून आलेले. त्यांच्यासोबत मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश ज्यू इंजिनिअर औंधला आला. पोलंड म्हटलं की आपल्याला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. दुसऱ्या महायुद्धात घर गमावलेले हजारो पोलिश लोक, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, तिथे कॅम्पात राहिले होते. फ्रीडमन मात्र त्याच्या कितीतरी आधी स्वखुशीने आलेला. वॉर्सात वाढलेला हा माणूस बंगळूरला विजेच्या साहित्याचा कारखाना चालवत होता. सगळं सोडून खादी घातली आणि भारतानंद झाला. अप्पासाहेब आणि तो वर्ध्याला गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने औंधची राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९मध्ये लागू झाली. गावोगावी निवडलेल्या पंचायती आल्या, राजाचा अधिकार नियमांनी बांधला गेला. स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी एका राजाने आपणहून गादीचा माज उतरवून ठेवला होता. सुनेच्या हाती किल्ल्या देताना आपला जीव किती खालीवर होतो ते आठवा, म्हणजे हे किती अवघड होतं ते कळेल.

फ्रीडमनच्याच कल्पनेतून आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसलं. भिंती नसलेला तुरुंग. गुन्हेगारांनी कुटुंबासह राहायचं, शेती करायची. औंधच्या शाळेत शिकलेल्या गदिमांनी या गोष्टीवरून पुढे कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय, पण त्यामागे औंध आहे हे किती जणींना माहीत होतं?

सूर्यनमस्कारांचं सांगायचं राहिलंच. शाळाशाळांतून मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावणारा हा राजा. तो स्वतः रोज घालायचा, राणीसाहेबही घालायच्या. १९३६ साली विलायतेला गेला तर तिथेही त्याचाच प्रचार. तिथल्या एका बाईने त्यावरून वर्तमानपत्रात लेख लिहिले आणि १९३८ साली इंग्रजी पुस्तक निघालं. आज ज्या योगाच्या क्लासला आपण महिन्याला हजार रुपये भरतो, त्यात औंधच्या राजाचा वाटा आहे! १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. एकाच माणसाला इतकं सगळं सुचतं तरी कसं, असं वाटतं. थोडा छांदिष्टपणा असल्याशिवाय हे होत नाही आणि घरातल्या माणसांना त्याचा जाच होत असणारच, असं मला आपलं एक गृहिणी म्हणून वाटतं.

उल्हासनगरच्या एका वस्तीत आमचा बचत गट आहे. गटातल्या बऱ्याच जणी घरी जीन्सचे धागे कापायचं काम करतात. त्यातल्या एकीची मुलगी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झाली. मुलीला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय. आईचा प्रश्न सरळ होता. चित्रांनी पोट भरतं का? तिला मी हुसेन-गायतोंड्यांच्या कोटींचे आकडे सांगितले नाहीत. ते आकडे त्या चित्रकारांच्या हातात पडलेलेच नाहीत. १९५४ साली रंगवलेलं ‘ग्राम यात्रा’ दिल्लीत आलेल्या एका परदेशी डॉक्टरने घेतलं, पुढे ते नॉर्वेच्या एका इस्पितळाला दिलं आणि ११८ कोटी झाले तेव्हा हुसेन जाऊन जवळजवळ चौदा वर्षं झाली होती. मी तिला औंधची गोष्ट सांगितली. चित्रकार जिवंत असताना, त्याला घरभाडं भरायचं असताना जो चित्र घेतो तो खरा गिऱ्हाईक. तिने शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, की असे राजे आता कुठे आहेत? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलीचं अजून ठरलेलं नाही. आई धागे कापतेय, मुलगी नाताळच्या भेटकार्डांवर चित्रं काढून देतेय आणि फॉर्मची तारीख जवळ येतेय.

आपल्याकडे चित्र घेण्याची रीत बघा ना. नवा फ्लॅट घेतला की फर्निचर घ्यायला मंडळी उल्हासनगरला जातात. येताना सोफ्याच्या रंगाला शोभेल असं फ्रेम केलेलं चित्र उचलतात. सात पांढरे घोडे, नाहीतर धबधबा. वास्तुशास्त्रात चालतं म्हणून! याला माझी ना नाही. भिंत रिकामी वाटते आणि हौस सगळ्यांनाच असते. पण तेवढ्याच पैशांत शेजारच्या गल्लीतल्या चित्रकला शिक्षकाचं किंवा अशा एखाद्या मुलीचं हाताने काढलेलं चित्र मिळतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. त्याची किंमत पुढे वाढेल का? बहुतेक नाही वाढणार. चित्रांच्या बाजारात कोटींची उडी मारणारी नावं बोटांवर मोजण्याइतकी, बाकी हजारोंना परत विकायला गिऱ्हाईकही मिळत नाही. जुन्या रविवर्मा छापाच्या तसबिरी घरात असतील तर त्या मात्र रद्दीत देऊ नका, आधी कुणा जाणकाराला दाखवा. आणि अस्सल रविवर्मा तर १९७९पासून राष्ट्रीय कलाठेवा आहे, देशाबाहेर नेताच येत नाही. २०२३ साली त्याचं यशोदा-कृष्णाचं चित्र मुंबईच्या लिलावात ३८ कोटींना गेलं. भवानरावांनी जमवलेल्या संग्रहाचा आज बाजारभाव काढायचा झाला तर सराफही गोंधळेल. पण तो काढणार कोण? विकायचाच नाही ना!

मार्च १९४८मध्ये औंध संस्थान विलीन झालं. सातवळेकर त्याच सुमारास गुजरातेत पारडीला निघून गेले. राजा राहिला नाही, दरबार राहिला नाही. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानराव गेले. टेकडीवरची इमारत, तिच्यातली चित्रं आणि देवीच्या वाटेवरची वर्दळ राहिली.

आपल्या भागातल्या कितीतरी कुटुंबांची यमाई ही कुलदेवी आहे. आमचं महिला मंडळही दर्शनासाठीच गेलं होतं. साताऱ्याहून औंध साधारण ४० किलोमीटर. माझं ऐकाल तर संग्रहालय आधी बघा आणि मग वर चढा. दर्शन घेऊन उतरताना पाय बोलायला लागतात आणि चित्रं बघायची राहून जातात. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रं निवांत बघण्यासारखी आहेत. ‘किरातार्जुनीया’वरची पहाडी शैलीतली छोटी छोटी चित्रं अगदी जवळ जाऊन बघावीत, नखाएवढ्या पानांवरही शिरा काढल्यात. युरोपातल्या मोठ्या चित्रकारांच्या प्रती आहेत. प्रती आहेत म्हणून नाक मुरडू नका, ज्यांना बोटीचं तिकीट परवडणार नव्हतं त्यांच्यासाठी त्या केलेल्या आहेत.

आणि एक चुकवू नका. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं ‘मदर अँड चाइल्ड’ तिथे आहे. त्याची शिल्पं लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत बघायला लोक तिकीट काढून जातात. आमच्या मंडळातल्या बदलापूर गावच्या एक आजी त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी त्यांना शिल्पकाराचं नाव सांगितलं, ते त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाईने मूल नीट धरलंय, एवढंच म्हणाल्या आणि काठी टेकत पायऱ्यांकडे वळल्या.